बार काढण्याआधी शिका
शेतराखणीची बंदूक आणि देखरेखीखालचा सराव



भात पोटरीत आले, भुईमुगाच्या शेंगा भरू लागल्या, की रानडुकरांचा त्रास सुरू होतो. एका रात्री कळप शिरला तर चार महिन्यांची मेहनत उकरून टाकतो. म्हणून कोकणात आणि गोव्यात ठासणीची बंदूक शेतराखणीसाठी कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. घाटावर कुठे कुठे बारा बोअरची काडतुसाची बंदूक असते. आजोबांची बंदूक वडिलांकडे येते, वडिलांची मुलाकडे. बंदूक अशी वारशाने मिळते; पण ती चालवण्याची शिस्त वारशाने मिळतेच असे नाही.

त्याचे फळ कधी कधी फार कडू असते. दोघे जण राखणीला बसतात, एक या बांधावर, दुसरा त्या बांधावर. मध्यरात्री एकाला झोप आवरत नाही, म्हणून तो उठून दुसऱ्याकडे निघतो. पाचोळा वाजतो, झुडूप हलते, आणि डुक्कर समजून बार निघतो. अशा अपघातात मारणारा आणि मरणारा बहुधा एकाच वाडीतले, पुष्कळदा एकाच घरातले असतात. पीक पुढच्या साली पुन्हा येते. गेलेला माणूस येत नाही.

कायदा काय सांगतो?

शस्त्र अधिनियम, 1959 मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. शस्त्र नियम, 2016 ने त्यात एक चांगली भर घातली. परवाना मागणाऱ्याने सुरक्षेचे प्रशिक्षण घ्यावे, असे नियमातच आले. शस्त्र सुरक्षित हाताळणे व बाळगणे, गोळीबाराचे तंत्र, शस्त्राची निगा, ते ठेवण्याची व नेण्याची रीत आणि कायद्याची माहिती, असे त्याचे विषय आहेत. पुष्कळ जण याकडे अर्जाला जोडायचा एक कागद म्हणून पाहतात. बंधूंनो, तसे करू नका. कागद फायलीत राहतो, शिकलेले हातात राहते.

अमेरिकेत शिकार कायदेशीर आहे, आणि तेथेही हा धडा अपघातांतूनच शिकावा लागला. न्यूयॉर्क राज्याने 1949 साली तरुण शिकाऱ्यांना सुरक्षेचे शिक्षण सक्तीचे केले. मग हळूहळू इतर राज्यांनी ती वाट धरली. बंदुका व काडतुसांवरील जकातीचा पैसा 1937 च्या कायद्याने वन्यजीवांच्या कामी लावला जात होता. 1970 पासून त्यातला भाग या शिक्षणावरही खर्च होऊ लागला. अनेक ठिकाणी आधी वर्गात धडे, नंतर परीक्षा आणि शेवटी शिक्षकाच्या देखरेखीखाली खरी काडतुसे घेऊन सराव, असा क्रम असतो. शेतकऱ्यांची मुले-मुलीही त्यात असतात. आपल्याकडे शिकार बंद आहे, पण बंदुकीची नळी दोन्ही देशांत सारखीच.

सरावाच्या दिवशी काय होते?

चांदमारीच्या मैदानावर गेल्यावर लगेच बार काढायला मिळत नाही. प्रथम रिकामी बंदूक हातात देतात. ती खरोखर रिकामी आहे का, हे घेणाऱ्याने स्वतः उघडून पाहायचे. देणाऱ्याने "रिकामी आहे" म्हटले तरी पाहायचे. मग चार गोष्टी घोटून घेतात. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजा. नळीचे तोंड माणसाकडे, गुराकडे, घराकडे कधीही नको. नेम धरून बार काढायचे ठरेपर्यंत बोट चापावर नको, चापाच्या कड्याबाहेर सरळ ठेवा. आणि समोर काय आहे व त्याच्या मागे काय आहे, याची खात्री करा.

त्यानंतर कानांवर व डोळ्यांवर संरक्षण चढते. बारा बोअरचा आवाज 150 डेसिबलच्या आसपास असतो, आणि 140 च्या वरचा एकच आवाज कानाला कायमची इजा करू शकतो. म्हाताऱ्या शिकाऱ्यांना कमी का ऐकू येते, याचे एक कारण यात आहे.

मग एका रांगेत उभे राहायचे आणि हुकुमाची वाट पाहायची. एका वेळी एकच काडतूस. डावा पाय थोडा पुढे, वजन पुढच्या पायावर, दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट, गाल दस्त्याला टेकलेला. डावखुऱ्याने उलट. दस्ता सैल धरला तर धक्क्याने खांदा दुखतो आणि माणूस पुढच्या बाराला डोळे मिटतो. "थांबा" हा शब्द मैदानावर कोणीही उच्चारू शकतो, पहिल्या दिवशी आलेला पोरगासुद्धा. तो ऐकला की चापावरचे बोट बाहेर आणि नळी समोरच. सराव संपला की बंदूक उघडायची, रिकामी दाखवायची, आणि मगच रांगेतून मागे फिरायचे.

चाप ओढूनही बार झाला नाही तर? येथेच नवखा माणूस बंदूक वळवून पाहतो आणि फसतो. दारू उशिराही पेटू शकते. नळी सुरक्षित दिशेला तशीच धरून किमान तीस सेकंद थांबा, मग उघडा. बार नेहमीपेक्षा बारीक वाजला, तर दुसरे काडतूस मुळीच घालू नका. आधी बंदूक रिकामी करून नळीत काही अडकले आहे का ते पाहा. वीस बोअरचे काडतूस चुकून बारा बोअरमध्ये घातले, तर ते पुढे घसरून नळीत अडकते. त्यामागून बारा बोअरचे उडवले की नळी फुटते. म्हणून दोन मापांची काडतुसे एका खिशात ठेवू नयेत.

ठासणीच्या बंदुकीची खास काळजी

ठासणीच्या बंदुकीत काळी दारूच वापरायची. काडतूस फोडून काढलेली दारू तिच्यात कधीही घालू नका. नळी तो दाब सोसत नाही. दारू मापानेच घ्या, डब्यातून थेट नळीत ओतू नका. मागच्या बाराची ठिणगी आत राहिली असेल तर डबाच पेटतो. छर्रे किंवा गोळी दारूवर पूर्ण बसली पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुटण्याचा धोका असतो. गजावर दोन खुणा करा, रिकाम्या नळीची एक आणि भरलेल्या नळीची दुसरी. गज घातला की आत काय आहे ते अंधारातही कळते. ठासताना तोंड नळीवर आणू नका, नळीत फुंकर घालू नका. आणि केप अगदी शेवटी, बार काढायच्या वेळीच बसवा.

मैदान आणि शेत

मैदानावर मागे मातीचा उंच बांध असतो. शेतात मागे वाडी असते, पायवाट असते. बारा बोअरचा नेम साधारण तीस-चाळीस मीटरपर्यंतच भरवशाचा, पण तिचा मोठा छर्रा पाचशे मीटरच्याही पुढे जाऊ शकतो. म्हणून आवाजावर, हलणाऱ्या फांदीवर, चमकणाऱ्या डोळ्यांवर बार काढू नका. जनावर पूर्ण दिसले, ओळखले आणि त्यामागे माती आहे असे कळले, तरच चाप. बांध किंवा कुंपण ओलांडताना, माचाणावर चढताना बंदूक रिकामी हवी. कोण कुठे बसणार ते संध्याकाळीच ठरवा, आणि उजाडेपर्यंत कोणीही न सांगता जागा सोडू नये. दारू पिऊन राखणीला बसू नका.

भगिनींनो, यात तुमचाही वाटा आहे. रात्री चहा घेऊन शेतावर जायचे असेल तर आधी कळवा, बॅटरी पेटती ठेवा आणि दुरूनच हाक द्या. घरात बंदूक रिकामी, कुलपात. दारू, केप व काडतुसे वेगळ्या कुलपात, चुलीपासून दूर. किल्ली मुलांच्या हाती लागणार नाही हे पाहा. लग्नात, वरातीत कोणी बंदूक मागायला आला तर सरळ नाही म्हणा. 2019 च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात बेफिकिरीने बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे

बंदुकीचा परवाना वेगळा आणि जनावर मारण्याची परवानगी वेगळी. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 प्रमाणे रानडुक्कर व रोही हे दुसऱ्या अनुसूचीत आहेत. उभ्या पिकाला त्यांच्यापासून धोका असेल तर वन विभागाच्या अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. गवा, मोर, बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्यावर नेम धरण्याचा विचारही करू नका. कुंपणात वीज सोडणे, स्फोटकांचे गोळे पेरणे तर त्याहून वाईट. त्यात जनावराआधी शेजाऱ्याचा पोर सापडतो. नुकसान झाले तर लगेच वन विभागाकडे भरपाईचा अर्ज करा आणि पंचनामा करून घ्या.

विस्ताराच्या कामात आम्ही सांगतो, औषध फवारण्याआधी डब्यावरची चिठ्ठी वाचा. बंदुकीवर अशी चिठ्ठी नसते. म्हणून ज्याच्या नावे परवाना आहे किंवा होणार आहे, त्याने जिल्हाधिकारी कार्यालयातील शस्त्र परवान्याच्या शाखेत प्रशिक्षणाची चौकशी करावी. वय साठ असो की पंचवीस, जाणत्या शिक्षकाच्या नजरेखाली निदान एक दिवस सराव करावा. यंदाचे पीक पोटरीत येण्याआधी हे काम उरकून घ्या.