काम संपल्यावर सांगावयाचा आकडा

कारखान्याच्या दारावर सभा घेण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने कळंब्याच्या मंडळींपुढे संगणकावर बोलावे हे थोडे विचित्रच. पण हा विषय माझ्याकडे पुस्तकातून आला नाही, तक्रारीतून आला.

एका कारखान्यात रात्रपाळीच्या कामगारांच्या पगारातून जादा कामाचे पैसे गायब झाले. चूक हिशेबनिसाची ठरली आणि त्याला कारणे दाखवा नोटीस मिळाली. मी खोदून पाहिले. पगाराचे काम दोन प्रोग्रॅम पाठोपाठ करीत. पहिला हजेरीवरून जादा तासांची यादी करी, दुसरा त्या यादीवरून पगार काढी. त्या रात्री डिस्क भरली आणि यादी अर्ध्यावर तुटली. पहिल्याने पडद्यावर इंग्रजीत एक ओळ लिहिली आणि जाताना आकडा दिला तो शून्य. रात्री २ वाजता पडदा वाचावयास कोण बसले होते?

हे शून्य काय, ते पाहू. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडविलेल्या सी भाषेत प्रोग्रॅमची सुरुवात ‘मेन’ या फंक्शनपासून होते. संपताना मेनने एक पूर्णांक परत द्यावयाचा असतो. तो माणसासाठी नव्हे. ज्याने त्याला कामाला लावले त्या दुसऱ्या प्रोग्रॅमसाठी. शून्य म्हणजे काम फत्ते, इतर आकडा म्हणजे बिघाड. परीक्षेत शून्य म्हणजे नापास, मग येथे उलटे का? काम नीट होण्याची तऱ्हा एकच, बिघडण्याच्या अनेक. त्यांना निरनिराळे आकडे लागतात. युनिक्सवरील ‘ग्रेप’ हा शोधणारा प्रोग्रॅम शब्द न सापडल्यास १ देतो, फाइलच उघडली नाही तर २. ‘सापडले नाही’ आणि ‘शोधताच आले नाही’ हा भेद मी पाहिलेल्या कित्येक चौकशी समित्यांना जमला नव्हता!

आमचे दोन्ही प्रोग्रॅम अशा रीतीने जोडले होते की, पहिल्याने शून्य दिल्याखेरीज दुसरा सुरूच होऊ नये. म्हणजे पहारा होता. पहारेकऱ्याला खोटी खबर मिळाली. ती कशी? १९८९ च्या प्रमाणकाप्रमाणे, काहीही परत न देता मेन संपला तर बाहेर जाणारा आकडा अनिश्चित असे. १९९९ च्या प्रमाणकाने ठरविले की, मेन शेवटच्या कंसापर्यंत पोहोचला तर शून्य धरावे. आमचा प्रोग्रॅम ओळ छापून त्या कंसापर्यंत चालत गेला, इतकेच.

कोणी म्हणेल, मग चुकांची संख्याच परत द्यावी. पण युनिक्सचे शेल त्या आकड्याचे आठच बिट पाहते, म्हणजे ० ते २५५. बरोबर २५६ चुका झाल्या की पोहोचते पुन्हा शून्य.

दुरुस्ती एका ओळीची झाली : यादी पुरी लिहिली गेली नाही तर ‘रिटर्न १’. जादा कामाचे पैसे पुढच्या पगारात मिळाले. हिशेबनिसाची नोटीस मागे घ्यावयास मात्र तीन महिने लागले.