अर्धीच खरवड रे!

लंडनच्या अल्बेमार्ल स्ट्रीटवर रॉयल इन्स्टिट्यूशनची जुनी इमारत आहे. सप्टेंबर १८२१ मध्ये इथेच मायकेल फॅरेडेने पाऱ्याच्या भांड्यात चुंबक उभा केला, वरून एक तार लोंबती ठेवली आणि तिच्यातून वीज सोडली. तार चुंबकाभोवती गोल गोल फिरू लागली. आपला पंखा, मिक्सर, वॉशिंग मशीन या सगळ्यांची ही पणजी! फॅरेडे लोहाराचा मुलगा. शाळा जेमतेम, पुढे पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी. मुलांसाठी नाताळची विज्ञान व्याख्यानंही १८२५ साली याच इमारतीत सुरू झाली आणि ती आजही होतात.

पारा विषारी, त्यामुळे त्याच्या वाटेला आपण जायचं नाही. पण घरातल्या सामानातून मोटर करता येते. पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी असंख्य मुलांना ती शिकवली. लंडनजवळच्या आमच्या शनिवारच्या मराठी वर्गात मी तीच करायची ठरवली. कारण अगदी स्वार्थी होतं. बाराखडी आणि 'माझी आई' हा निबंध यांच्या जोरावर फुटबॉलच्या सरावाशी टक्कर देता येत नाही. वर्गात अकरा मुलं उरली होती.

सामान फार नाही. दीड व्होल्टचा जाडा सेल, दोन सेफ्टी पिना, स्पीकरमधला असतो तसा काळा चुंबक आणि मीटरभर वाइंडिंगची तांब्याची तार. सायकलच्या दुकानात पंक्चर झालेली ट्यूब फुकट मिळाली, तिच्या पट्ट्या कापल्या. (बटणाएवढे चकचकीत, जोरदार चुंबक लहान मुलांच्या हाती देऊ नका. पोटात गेले तर जिवावर बेततं.) सेल आडवा ठेवायचा, दोन्ही टोकांना एकेक पिन उभी धरून ट्यूबच्या पट्टीने आवळायची, पिनांची गोल भोकं वर. सेलच्या पाठीवर चुंबक. तार सेलभोवती दहा वेढे गुंडाळून काढून घ्यायची आणि दोन्ही टोकं समोरासमोर सरळ बाहेर ठेवायची. ती पिनांच्या भोकांत ओवली की वेटोळं चुंबकावर झोपाळ्यासारखं टांगलं जातं.

खरी गंमत पुढे आहे. त्या तारेवर वार्निशचा पातळ थर असतो, तो खरवडल्याशिवाय वीज आत जात नाही. एक टोक सगळीकडून खरवडायचं. दुसरं मात्र, वेटोळं उभं धरून, फक्त वरच्या बाजूने. का, हे मुलांना कसं समजवावं याचा मी विचार करत होते, तेवढ्यात मागच्या खुर्चीतून आवाज आला, "अर्धीच खरवड रे! सगळी काढलीस तर नुसती डोलंल, फिरायची नाही."

एका मुलाचे आजोबा होते ते. सांगलीकडचे, सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले. उभी हयात जळालेल्या मोटारी रिवाइंड करण्यात गेलेली. नातू दहा वर्षांचा. घरात तो इंग्रजीत बोलतो, आजोबा मराठीत, आणि दोघांमध्ये सूनबाई दुभाषी. वर्गात सोडायला आले की ते कोपऱ्यात बसून मोबाइल बघायचे.

त्या दिवशी ते उठले, नातवाशेजारी खाली बसले. "हे बघ, वीज गेली की वेटोळ्याचा चुंबक होतो. खालचा चुंबक त्याला ओढतो, ढकलतो. अर्धा फेरा झाला की तीच ओढ उलटी पडते, मागं खेचते. मग त्या वेळेला वीज बंदच पाहिजे. वार्निश राहिलं तिथं बंद. पुढचा अर्धा फेरा ते आपल्याच झोकात जातं."

नातवाने विचारलं, "झोकात म्हणजे?"

आजोबांनी त्याला हाताला धरून उभं केलं, एक गिरकी दिली आणि सोडून दिलं. पोरगं आणखी अर्धा वळसा घेऊन थांबलं. "हा झोक."

मग वर्गात नुसता गलका. 'खरवड', 'गुंडाळ', 'ओव', 'आवळ', 'सैल सोड', 'हलकेच टिचकी मार'. आमच्या पाठ्यपुस्तकात क्रियापदं म्हणजे जाणे, येणे, खाणे, पिणे. ही हातातली क्रियापदं मुलांना कुणी कधी दिलीच नव्हती. कारण घरात काही खरवडायची, ओवायची वेळच येत नाही. अकरापैकी आठ मोटरी फिरल्या. उरलेल्या तिन्हींत टोकं वाकडी होती, आजोबांनी ती चिमटीत धरून सरळ केली. एका मुलीने चुंबक उलटा ठेवून पाहिला, तर वेटोळं उलट दिशेने फिरू लागलं! सेल मात्र लवकर तापतो, म्हणून थोडा वेळ फिरवून वेटोळं काढून ठेवायचं.

आजोबांचा परतीचा प्रवास पुढच्या महिन्यात आहे. आता दोघांचं घरी काय चालतं ते सूनबाईंनी सांगितलं. नातू विचारतो, "आजोबा, मोठ्या मोटरमध्ये पण अर्धंच खरवडतात?" त्यावर आजोबांना कार्बन ब्रश आणि कम्युटेटर दाखवायचा आहे. भारतातून आणलेल्या मिक्सरमध्ये तो असतो, पण सूनबाई चालू मिक्सर काही खोलू देत नाहीत. तेव्हा कुणाच्या माळ्यावर बंद पडलेला मिक्सर असेल तर शनिवारी वर्गात घेऊन या. आजोबांची अट एकच आहे, वायर प्लगसकट कापलेली हवी.