पंचनाम्यातली भरमार

लष्करातून बाद झालेली पिस्तुले जमवणाऱ्या अमेरिकी हौशी मंडळींत एक वाद फार जुना आहे. कोल्ट १९११ हे पिस्तूल सैन्यातून निघाले तसेच ठेवावे, की कॅलिफोर्नियातल्या आर्मंड स्वेन्सनसारख्या कारागिराचा हात त्यावर फिरलेला चालेल? हात फिरला की अस्सलपणा गेला म्हणून किंमत उतरते, आणि हात नामांकित असला की पुन्हा चढते. वाद काहीही असो, तिथे घडवणाऱ्याला नाव आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात हातघडणीच्या बंदुकीच्या वाट्याला एकच ओळ येते, तीही पंचनाम्यात: ‘भरमार बंदूक, एक नग’. ही ओळ मागासलेपणाचा पुरावा म्हणून वाचायची आपल्याला सवय लागली आहे. मला ती कायद्याने घडवलेल्या वस्तूची नोंद वाटते, आणि म्हणूनच ती वस्तू जपण्याजोगी वाटते.

भरमार म्हणजे ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून बारूद ओतायची, वर चिंधीचा किंवा काथ्याचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि लोखंडी गजाने सगळे ठासायचे. मागच्या टोकाला घोड्याखाली टोपी बसवली, घोडा ओढला, चाप दाबला की एकच बार. दुसऱ्या बारासाठी सारे पहिल्यापासून. पावसाळ्यात बारूद सर्दावली तर पहिल्याचीही खात्री नाही. युरोपातल्या बहुतेक सैन्यांनी ही पद्धत १८६० च्या दशकापासून टाकायला सुरुवात केली. मग गडचिरोलीतल्या भामरागड-एटापल्लीच्या रानात ती एकविसाव्या शतकापर्यंत का टिकली? गरिबी हे सोपे उत्तर झाले. पण गरिबाच्या हाती मोबाइल आला, मोटारसायकल आली. बंदूक तेवढी जुनीच राहिली.

उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडते. इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्यानंतर वीस वर्षांनी, व्हाइसरॉय लिटनच्या काळात, १८७८ चा शस्त्र कायदा आला: हिंदी माणसाला परवाना हवा, गोऱ्याला नको. स्वातंत्र्यानंतरच्या १९५९ च्या कायद्याने हा वर्णभेद पुसला, पण त्यातले तेरावे कलम नीट वाचावे. पीकराखणीसाठी परवाना द्यायचा तो ठासणीच्या बंदुकीचा. तिने भागणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक. म्हणजे रानडुकराशी गाठ पडणाऱ्या शेतकऱ्याचे हत्यार कोणत्या शतकातले असावे, हे संसदेनेच ठरवून टाकले. काडतुसाला परवाना लागतो, दुकान लागते, पावती लागते. ठासणीच्या बंदुकीचे सुट्या बारुदीवर भागते. पुढे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आणि त्यातल्या नंतरच्या दुरुस्त्यांनी शिकार बंद केली आणि अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या संमतीशिवाय मिळेनासा झाला. १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य झाले तेव्हा ताडोब्याभोवतीची गावे त्या वर्तुळात आली. परवान्याची वाट अशी अरुंद होत गेली, पण पिकात घुसणारी डुकरे काही थांबली नाहीत. विनापरवाना घडवलेल्या नळीला गिऱ्हाईक मिळत राहिले ते यामुळे.

१९८० च्या सुमारास सिरोंचाकडून नक्षलवादी आले आणि भरमारीचा अर्थ बदलला. पिकासाठीची बंदूक गावपातळीवरच्या नक्षल साथीदारांच्या खांद्यावर गेली. इथेच सर्वांत गंभीर आक्षेप उभा राहतो: जिने गावातलीच माणसे मारली, ती काचेच्या कपाटात मांडून मिरवायची? मिरवायची नाहीच. पण वितळवून टाकल्याने मेलेल्यांचा मान राखला जातो असेही नाही; कोणत्या गावात ती कशासाठी आली आणि कुणावर चालली, एवढीच गोष्ट तिच्याबरोबर पुसली जाते. दुसरा आक्षेप असा की हा ओबडधोबड माल, यात कारागिरी कसली? कारागिरीचा निकष चकाकीच असेल तर खरेच काही नाही. पण दस्त्याचे लाकूड, नळीची लांबी, टोपीची जागा, घोड्याचा आकार यांत बंदुकीगणिक फरक पडतो, कारण साचा नाही, हात आहे. तो फरक शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही. तिसरा आक्षेप कायद्याचा, आणि तो सर्वांत लवकर मिटतो. शस्त्र कायद्याच्या कलम ४५ नुसार, दुरुस्ती करूनही न चालणारे कालबाह्य किंवा पुरातन मोलाचे हत्यार या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. खासगी छंदाला मात्र इथे वाव नाही आणि नसावाही. २०१९ च्या दुरुस्तीने परवानाधारकाची मर्यादा तीनवरून दोन बंदुकांवर आणली, विनापरवाना घडवणाऱ्याला किमान ७ वर्षे ते जन्मठेप ठेवली. म्हणून जपणुकीचे काम संग्रहालयाचेच.

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपती याने सुमारे ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली, तेव्हा बातम्यांत एके-४७ आणि इन्सास रायफली मोजल्या गेल्या. त्या कारखान्यात बनतात, त्यांच्या हजारो जुळ्या बहिणी जगात आहेत. भामरागड-एटापल्लीकडचे गावकरी अलीकडच्या वर्षांत आपणहून पोलीस ठाण्यात आणून देतात त्या भरमारींना जुळी बहीण नाही. नागपूरच्या अजब बंगल्यात, १८६३ पासूनच्या मध्यवर्ती संग्रहालयात, शस्त्रांचे दालन आधीच आहे. पोलिसांनी आणि पुरातत्त्व विभागाने मिळून एवढे करावे: न्यायालयाचे काम संपलेल्या भरमारींतून निवडक पन्नास वेगळ्या काढाव्यात, नळ्या कायमच्या बुजवाव्यात, आणि प्रत्येकीसोबत गाव, लाकूड, लांबी आणि आणून देणाऱ्याची हरकत नसेल तर त्याने सांगितलेली हकिकत एका पानावर लिहून ठेवावी. घडवणाऱ्याचे नाव नको. शिक्षेच्या भीतीने ते कुणी सांगणारही नाही.