भारतीय हॉकीची तटबंदी कुठे ढासळते?

मालवणच्या धक्क्यावरून होडीने सिंधुदुर्गाकडे निघालेल्या पर्यटकाला बराच वेळ किल्ल्याचा दरवाजाच दिसत नाही. दिसते ती केवळ अखंड तटबंदी. होडी अगदी जवळ गेली, की दोन बुरुजांच्या आड दडलेले प्रवेशद्वार नजरेस पडते. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी छत्रपती शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याचे बांधकाम सुरू केले. सुमारे तीन किलोमीटर लांबीचा आणि तीस फूट उंचीचा हा तट आजही छाती दडपून टाकतो. परंतु किल्ल्याचे संरक्षण तटापाशी सुरू होत नव्हते. ते सुरू होत होते भोवतालच्या समुद्रात, पाण्याखाली दडलेल्या खडकांत. वाट ठाऊक नसलेले गलबत तटापर्यंत पोहोचण्याआधीच संकटात सापडे. त्याखेरीज पद्मगड, राजकोट आणि सर्जेकोट ही छोटी ठाणी पहाऱ्याला होतीच. तट ही संरक्षणाची पहिली नव्हे, तर अखेरची फळी होती.

बचावाचे हे तत्त्व हॉकीच्या मैदानालाही तंतोतंत लागू पडते. भारतीय संघाने गेल्या पंचवीस वर्षांत हातातोंडाशी आलेले जे सामने गमावले, त्यांचा मागोवा घेतला तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. तटाच्या डागडुजीची चर्चा दर पराभवानंतर झाली. तटाबाहेरच्या खडकांचा विचार मात्र क्वचितच झाला.

ताजे उदाहरण जून २०२५ मधील आहे. प्रो लीगच्या युरोपातील टप्प्यात भारताला लागोपाठ सात सामने गमवावे लागले. नेदरलँड्स, अर्जेंटिना आणि ऑस्ट्रेलिया यांच्याविरुद्धचे सहाही पराभव एकेका गोलाच्या फरकाने झाले. बेल्जियमने ६-३ असा सातवा तडाखा दिला आणि अखेरच्या सामन्यात बेल्जियमलाच ४-३ असे नमवून भारताने ही मालिका खंडित केली. आठ सामन्यांत भारतावर २६ गोल झाले. म्हणजे सामन्यामागे तीनहून अधिक. ज्या संघाने दहाच महिन्यांपूर्वी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक पटकावले होते, त्याची ही अवस्था. आघाडीची फळी गोल करीत होती, पण केलेले गोल पुरत नव्हते.

अखेरच्या क्षणांचा शाप

भारतीय हॉकीच्या चाहत्यांना अखेरच्या मिनिटांची धास्ती वाटते, ती उगाच नव्हे. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये पोलंडला हरवले असते, तर भारत उपांत्य फेरीत गेला असता. खडकीच्या मैदानांवर घडलेला धनराज पिल्ले त्या संघात होता. भारताकडे १-० अशी आघाडीही होती. सामना संपायला जेमतेम दोन मिनिटे उरली असताना पोलंडने बरोबरी साधली आणि पदकाची वाट बंद झाली. २०१६ मध्ये रिओ येथे जर्मनीच्या ख्रिस्तोफर रुअरने अवघी तीन सेकंद शिल्लक असताना गोल करून भारताला २-१ असे हरवले. २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेतील उपांत्य लढतीत भारत २-१ असा पुढे होता. मलेशियाने ५९व्या मिनिटाला बरोबरी केली आणि पुढे शूटआऊटमध्ये बाजी मारली. जानेवारी २०२३ मध्ये भुवनेश्वरच्या विश्वचषकात न्यूझीलंडविरुद्धची ३-१ अशी आघाडी हातची गेली. सामना ३-३ असा सुटला, शूटआऊटमध्ये भारत पराभूत झाला आणि यजमान संघ उपांत्यपूर्व फेरीआधीच बाहेर पडला.

अशा पराभवानंतर 'खेळाडू दडपणाखाली कोसळले' असे निदान सर्रास केले जाते. त्यात तथ्य असेलही, परंतु ते अपुरे आहे. दडपण प्रत्येक संघावर असते. त्या दडपणाखाली मैदानावर नेमके काय बिघडते, हे पाहणे अधिक उपयुक्त ठरेल.

दोन फळ्यांमधली दरी

एके काळी पाच आघाडीवीर, मधल्या फळीतील तिघे आणि दोन फुलबॅक अशी भारतीय संघाची रचना असे. कामाची वाटणी स्पष्ट होती. आघाडीवीरांनी चेंडू खेळवत न्यायचा आणि गोल करायचा; अडवण्याचे काम मागच्यांचे. गवताच्या मैदानावर चेंडूचा वेग मर्यादित असे. शिवाय 'ऑफसाइड'चा नियम फुलबॅकच्या मदतीला होता. प्रतिस्पर्धी आघाडीवीराला गोलरक्षकाच्या पुढ्यात ठाण मांडून बसता येत नसे, त्यामुळे बचावफळी निर्धास्तपणे पुढे सरकू शके.

पुढे दोन्ही आधार गेले. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकपासून कृत्रिम हिरवळ आली आणि चेंडूचा वेग वाढला. १९९६ पासून ऑफसाइडचा नियम प्रायोगिक तत्त्वावर आणि पुढे कायमचाच रद्द झाला. आता प्रतिस्पर्ध्याचा एक आघाडीवीर थेट गोलपाशी उभा राहू शकतो. त्याच्यावर लक्ष ठेवण्यासाठी बचावपटू मागे खेचला जातो. मधली फळी आणि आघाडी मात्र हल्ल्याच्या ओढीने पुढेच असते. या दोहोंमध्ये जी दरी पडते, तीच आधुनिक हॉकीतील सर्वांत धोक्याची जागा. तिथे चेंडू मिळालेल्या खेळाडूला वळायला आणि पास निवडायला वेळ मिळाला, की मागचा बचावपटू कितीही निष्णात असो, तो एकटा पडतो.

युरोपीय संघांनी या बदलावर शोधलेला उपाय म्हणजे आघाडीपासून सुरू होणारा बचाव. चेंडू गमावताच पहिला अडथळा आघाडीवीरानेच उभा करायचा. त्याने चेंडू हिसकावून घेतलाच पाहिजे असे नाही. प्रतिस्पर्ध्याला मधल्या मार्गाने पास देता येऊ नये आणि त्याला बाजूच्या रेषेकडे वळावे लागावे, इतके केले तरी काम साधते. तोवर मागील दोन्ही फळ्या एकमेकींच्या जवळ येतात. सिंधुदुर्गाभोवतालचे खडक जहाज बुडवीतच असे नाही. पण जहाजाला आपल्या सोयीच्या वाटेने येऊ देत नसत. आघाडीवीराचे काम हेच.

भारतीय संघाला हे तंत्र अवगत नाही असे नव्हे. अडचण सातत्याची आहे. या प्रकारच्या खेळात सर्वांनी एकाच वेळी हालचाल करावी लागते. एकाने दाब टाकला आणि दुसरा दोन पावले मागे राहिला, तर त्या दोघांमधूनच चेंडू निसटतो. थकवा आला की ही लय आधी बिघडते. अखेरच्या दहा मिनिटांत होणाऱ्या गोलांचे मूळ बहुधा इथे असते. ते केवळ गोलपाशी शोधून सापडत नाही.

वर्तुळातील घाई

दुसरी गळती आहे ती स्ट्रायकिंग सर्कलमधील, म्हणजे गोलसमोरील 'डी'मधील. दरीतून आत घुसलेल्या आक्रमकाला गाठताना बचावपटू घाईने स्टिक घालतो किंवा चेंडू त्याच्या पायाला लागतो, आणि पंच पेनल्टी कॉर्नर देतात. या वेळी गोलरक्षकासह केवळ पाच जणांना बचाव करता येतो. बाकीच्यांना मध्यरेषेपलीकडे जावे लागते. समोर ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने चेंडू भिरकावणारा ड्रॅग फ्लिकर असतो. चेंडू गोलरेषेवरून ढकलला जाताच त्याच्या अंगावर धावून जाणाऱ्या पहिल्या बचावपटूला हा मारा अक्षरशः अंगावर झेलावा लागतो.

टोकियो ऑलिम्पिकच्या (२०२१) उपांत्य सामन्यात बेल्जियमने भारताला याच मार्गाने नमवले. तिसरे सत्र संपले तेव्हा २-२ अशी बरोबरी होती. पुढे बेल्जियमने ५-२ अशी सरशी साधली. त्यांच्या पहिल्या चार गोलांपैकी तीन पेनल्टी कॉर्नरवर, तर एक पेनल्टी स्ट्रोकवर झाला. पाचवा गोल आला तो भारताने गोलरक्षकाला बाहेर काढून जादा खेळाडू उतरवल्यानंतर. म्हणजे गोलरक्षक गोलमध्ये असताना बेल्जियमला चालू खेळातून एकही गोल करता आला नाही. भारताचा तट अभेद्य होता, पण तटातला दरवाजा प्रत्येक वेळी आतूनच उघडला गेला.

तिसरी गळती चेंडू मिळवल्यानंतरची. आघाडी टिकवायची असताना चेंडू दूर भिरकावून देण्याचा मोह अनावर होतो. क्षणभर संकट टळते, परंतु चेंडू पुन्हा प्रतिस्पर्ध्याकडेच जातो आणि पुढच्याच मिनिटाला नवा हल्ला येतो. छोट्या पासांनी चेंडू आपल्याकडे राखणे हाही बचावच आहे. स्वैर फटक्यांनी बचावफळीला मिळतो तो विसावा नव्हे, केवळ पुढच्या हल्ल्यापर्यंतचा अवधी.

दोष कुणाचा?

या चर्चेला माणुसकीचीही एक बाजू आहे. गोल होतो तेव्हा पडद्यावर दिसतो तो गोलरक्षक आणि त्याच्या पुढ्यातला बचावपटू. चाळीस मीटर दूर, मधल्या रेषेपाशी कोण धावायचे थांबला होता, हे कुणाच्या लक्षात राहत नाही. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने भारताचा ७-१ असा धुव्वा उडवला आणि सारे खापर गोलरक्षक मीररंजन नेगी यांच्या माथी फुटले. त्यांच्या देशनिष्ठेवरही शंका घेण्यात आली. पुढे ढासळलेल्या बचावाची किंमत एका माणसाने वर्षानुवर्षे मोजली. १९९८ मध्ये बँकॉकला धनराजच्या नेतृत्वाखाली भारताने आशियाई सुवर्णपदक जिंकले, तेव्हा नेगी गोलरक्षकांचे प्रशिक्षक होते. त्यांच्या वाट्याला आलेला न्याय हा असा, सोळा वर्षांनी.

निदान चुकले की उपायही चुकतात. संघातून दोन बचावपटू वगळायचे, गोलरक्षक बदलायचा आणि पुढील स्पर्धेत पुन्हा तेच पाहायचे, हे चक्र अनेकदा फिरले आहे. मार्च २००८ मध्ये सँटियागो येथे ब्रिटनकडून ०-२ असा पराभव झाला आणि ऐंशी वर्षांत प्रथमच भारत ऑलिम्पिकला मुकला. मुंबईकर प्रशिक्षक जोकिम कार्व्हालो यांनी राजीनामा दिला. प्रशिक्षक गेले, प्रश्न राहिले. चार वर्षांनी लंडनमध्ये भारत बारा संघांत बारावा आला.

दहा जणांचा धडा

या प्रश्नाचे उत्तर भारतीय संघाला ठाऊक आहे, याचा पुरावा पॅरिसमध्येच मिळाला. ४ ऑगस्ट २०२४ रोजी ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात अमित रोहिदासला १७व्या मिनिटाला लाल कार्ड मिळाले. उरलेली सुमारे ४३ मिनिटे भारत दहा खेळाडूंनिशी खेळला. एवढ्या वेळात त्याने एकच गोल होऊ दिला. सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि शूटआऊटमध्ये भारताने ४-२ असा विजय मिळवला. श्रीजेशच्या गोलरक्षणाचा त्यात सिंहाचा वाटा होताच. परंतु एक खेळाडू कमी होताच दोन फळ्यांमधली दरीही बुजली. आघाडीचे खेळाडू मागे आले, कुणीही आपली जागा सोडली नाही आणि प्रत्येकजण बचावपटू झाला. निरुपायाने जे घडले, तेच अकरा जणांनी स्वेच्छेने करणे, हे खरे आव्हान.

त्याच लाल कार्डाची दुसरी बाजूही विसरता येणार नाही. पेनल्टी कॉर्नरवर पहिला धावून जाणारा रोहिदास निलंबनामुळे उपांत्य सामन्याला मुकला. जर्मनीने पहिला गोल केला तो पेनल्टी कॉर्नरवरच आणि सामना ३-२ असा जिंकला. शिस्त हीदेखील डावपेचांचाच भाग असते, ती अशी.

२०२३ मध्ये सूत्रे स्वीकारलेले दक्षिण आफ्रिकी प्रशिक्षक क्रेग फुल्टन यांनी 'जिंकण्यासाठी बचाव' हे सूत्र मांडले, तेव्हा आक्रमक परंपरेच्या अभिमान्यांना ते रुचले नव्हते. प्रत्यक्षात त्या सूत्राने पॅरिसचे कांस्यपदक दिले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राजगीर येथे कोरियाला ४-१ असे नमवून आशिया चषकासह विश्वचषकाची पात्रताही मिळवून दिली. मधल्या जूनमधील सात पराभवांनी मात्र दाखवून दिले, की हे सूत्र अद्याप अंगवळणी पडलेले नाही. श्रीजेशच्या निवृत्तीनंतर गोलरक्षणाची धुरा कृष्णबहादूर पाठक आणि मुंबईचा सूरज करकेरा यांच्याकडे आली. त्यांच्याकडून श्रीजेशसारख्या चमत्काराची अपेक्षा धरणे अन्यायाचे ठरेल. चमत्काराची गरजच कमी पडावी, अशी व्यवस्था पुढच्या नऊ-दहा जणांनी उभारायची आहे.

त्यासाठीचे काम राष्ट्रीय शिबिरात सुरू करून भागणार नाही. शाळेच्या आणि जिल्ह्याच्या संघांत आजही चपळ, कसबी मुलगा आघाडीला जातो आणि उरलेल्यांकडे बचाव सोपवला जातो. चेंडू गमावल्यावर परत धावणे हे त्या चपळ मुलाचेही काम आहे, हे बाराव्या-तेराव्या वर्षी शिकवले गेले, तर विसाव्या वर्षी ते सांगावे लागणार नाही.