दारू उतरताना हात का कापतात?

मनमाडकडून छत्रपती संभाजीनगरला येताना रोटेगाव मागे पडलं की पुढे लासूर स्टेशन येतं. कांदा, कापूस, मका यांच्या उलाढालीवर उभं राहिलेलं हे बाजाराचं गाव. अशा कुठल्याही बाजारगावात हमाली करणारी, टेम्पो चालवणारी विशी-पंचविशीतली मुलं सकाळच्या चहाला जमली की एखादा हमखास म्हणतो, ‘रात्री बसलो होतो, सकाळपासून हात कापतोय.’ त्याच्या हातातली कपबशी वाजत असते. मित्र सांगतात, ‘थोडी घे, उतारा होईल.’ घरचे म्हणतात, ‘अशक्तपणा आलाय, सलाईन लावून घे.’ यातला एकही सल्ला कामाचा नाही. हात का कापतोय हे न कळता दिलेला सल्ला अशा वेळी जिवावरही बेतू शकतो.

आधी थोडा हिशेब करू. व्हिस्की-रमच्या १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. यकृत तासाला जेमतेम ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल मोडतं. म्हणजे रात्री दहाला संपवलेली एक क्वार्टर अंगातून जायला पहाट ते सकाळ होते, आणि दोन असतील तर दुसऱ्या दिवशीची दुपार. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची अंघोळ यांनी हा वेग वाढत नाही.

ज्याला रोजची सवय नाही, पण एखाद्या वरातीत भरपूर झाली, त्याचा हात दुसऱ्या दिवशी कापण्याची कारणं साधी असतात. दारूमुळे झोप तुटक होते, लघवी जास्त होऊन अंगातलं पाणी घटतं आणि अ‍ॅड्रेनलिन वाढून छाती धडधडते. प्रत्येकाच्या हाताला मुळातच एक अतिसूक्ष्म कंप असतो. अ‍ॅड्रेनलिन वाढलं की तो डोळ्यांना दिसू लागतो. शिवाय यकृत दारू मोडण्यात गुंतलं की नवी साखर तयार करण्याचं त्याचं काम मंदावतं. उपाशीपोटी प्यायलेल्याची रक्तातली साखर त्यामुळे घसरते. मग थरथर, घाम, घाबरल्यासारखं होणं. जेवण, पाणी आणि झोप मिळाली की ही थरथर बहुधा दिवसभरात ओसरते. माणूस शुद्धीवर नसेल किंवा असंबद्ध बोलत असेल, तर मात्र घरी न थांबता दवाखाना गाठायला हवा.

रोज पिणाऱ्याची थरथर वेगळी असते. मेंदूत गॅबा नावाचं रसायन चेतापेशींना शांत करतं आणि ग्लुटामेट त्यांना चेतवतं. दारू गॅबाचा परिणाम वाढवते आणि ग्लुटामेटचा दाबते. महिनोन् महिने हेच चाललं की मेंदू स्वतःला त्याप्रमाणे बदलून घेतो. गॅबाला तो कमी दाद देऊ लागतो आणि ग्लुटामेटला जास्त. पोत्याच्या ओझ्यासाठी वाकलेल्या हमालाच्या पाठीवरून कुणी पोतं अचानक ओढलं तर तो झोकांडतो. एकाएकी दारू थांबली की मेंदूचं तसंच होतं. दाब गेलेला असतो, पण चेतना वाढलेलीच राहते.

अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टन इथे संशोधक हॅरिस इस्बेल यांनी हे प्रयोगाने दाखवलं. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात दहा जणांना चांगलं जेवण आणि जीवनसत्त्वं देऊन काही आठवडे रोज दारू पाजली आणि मग एकदम थांबवली. थोडे आठवडे प्यायलेल्यांना थरथर, घाम आणि निद्रानाश झाला. ४८ किंवा त्याहून जास्त दिवस प्यायलेल्यांपैकी काहींना फिट आल्या, काहींना भ्रम झाला. अशा प्रयोगाला आज परवानगी मिळणार नाही आणि मिळूही नये. पण त्यातून एक गोष्ट पक्की झाली की दोष कुपोषणाचा नव्हता, एकाएकी थांबण्याचा होता.

या त्रासाला ठरावीक क्रम आहे. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांनी हात कापू लागतात. फिटचा धोका साधारण सहा ते अठ्ठेचाळीस तासांत असतो. दोन ते चार दिवसांत काहींना ताप, भास आणि पराकोटीचा गोंधळ सुरू होतो. डॉक्टर त्याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, आणि उपचार न झाल्यास त्यात माणूस दगावू शकतो. सकाळच्या उताऱ्याने हात स्थिर होतो तो याच कारणाने: काढून घेतलेला दाब पुन्हा बसतो. विशीतल्या मुलाला सकाळी उताऱ्याशिवाय हात धरवत नसेल, तर त्याचा मेंदू दारूशी बांधला गेलेला आहे, वय कितीही कमी असो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने देशभरातली दारूची दुकानं एकदम बंद झाली, तेव्हा बेंगळुरूच्या रुग्णालयांत अशा गंभीर रुग्णांची संख्या वाढल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं. आपल्याकडे छोटी टाळेबंदी दरवर्षी येते. गटारी होते, श्रावण लागतो आणि रोज पिणारा एका रात्रीत बंद करतो. कुणी माळ घालतो, कुणी देवीपुढे शपथ घेतो. या निश्चयाबद्दल मला मनापासून आदर आहे. कित्येक घरं त्यावर सावरली आहेत. म्हणूनच त्याला वैद्यकीय आधार मिळायला हवा. ‘गेल्या श्रावणात काही झालं नव्हतं’ यावर विसंबू नये. सोडणं आणि पुन्हा धरणं जितक्या वेळा होतं, तितका मेंदू अधिक संवेदनशील होत जातो आणि पुढच्या खेपेला फिटचा धोका वाढतो.

उपचार मिळतो आणि तो महागडाही नाही. गॅबावरच काम करणारी औषधं डॉक्टर देतात आणि काही दिवसांत पायरीपायरीने उतरवतात. ती दुकानातून आणून स्वतः घ्यायची नाहीत. दारूबरोबर घेतली तर श्वास मंदावतो. दुसरं म्हणजे थायमिन, अर्थात बी-१ जीवनसत्त्व. रोज पिणाऱ्यांत ते फार कमी झालेलं असतं. अशा वेळी थायमिन न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं, तर उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडून मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ‘एक सलाईन लावा’ असा आग्रह धरणाऱ्या घरच्यांनी, रुग्ण रोज पितो हे लाज न बाळगता सांगितलंच पाहिजे.

फिट आलीच तर कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका, तोंडात चमचा घालू नका. कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर करा आणि १०८ ला फोन लावा.

२०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसलीही मदत मिळते. लासूरकरांना गंगापूर-वैजापूरची सरकारी रुग्णालयं आहेत आणि संभाजीनगरचं घाटी रुग्णालय आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे मोफत क्रमांक आहेत. डॉक्टरांकडे गेल्यावर तीन गोष्टी खऱ्याखऱ्या सांगा: शेवटचा घोट किती वाजता घेतला, रोज किती होते आणि पूर्वी सोडताना कधी फिट आली होती का. औषधाची मात्रा किती आणि रुग्णाला घरी ठेवायचं की भरती करायचं, हे डॉक्टर मुख्यतः त्यावरूनच ठरवतात.