रावळगावची गोळी

लहानपणी वाण्याकडे सुटे नसले की तो उरलेल्या पैशांची ‘पान पसंद’ हातावर ठेवायचा. मीही मग मुद्दाम मोड न्यायचो नाही! ती गोळी मालेगावजवळच्या रावळगावची. वालचंद हिराचंद दोशी यांनी १९३३ मध्ये तिथे साखर कारखाना काढला. १९४२ पासून गोळ्याही होऊ लागल्या. साखर आणि ग्लुकोजचा पाक १५० अंशांच्या आसपास आटवला की त्यात पाणी जेमतेम दोन-तीन टक्के उरतं आणि निवल्यावर तो काचेसारखा कडक होतो. दमट हवा लागली की चिकटतो, म्हणून गोळीला कागद.

पण मंडळी, गोळीची किंमत ठरवतं ते नाणं. साखर, इंधन, मजुरी सगळं महागलं, तरी आठ आण्यांची गोळी साठ पैशांना विकणार कशी? वरचे दहा पैसे आणायचे कुठून? त्यात लहानमोठ्या स्पर्धकांनी गिऱ्हाईक ओढलं. अखेर फेब्रुवारी २०२४ मध्ये दोशी कुटुंबाच्या कंपनीने गोळ्यांची नावं आणि कृती २७ कोटी रुपयांना रिलायन्सला विकली. जमीन आणि यंत्रं मात्र स्वतःकडे ठेवली. यंत्रं राहिली आणि कृती गेली, याची मला चुटपुट लागली.