पंपाचा कपॅसिटर काढू नका!



उसाला पाणी द्यायची पाळी असते. वीजही आलेली असते. पण मोटर नुसती गुरगुरते, पाणी चढत नाही, आणि थोड्या वेळानं जळका वास येतो. रिवाइंडिंगचा खर्च होतोच, शिवाय पिकाची पाळी चुकते ती वेगळीच. असं का होतं, हे समजायला वीज तारेतून कशी वाहते ते आधी पाहू.

ए.सी. म्हणजे काय?

टॉर्चच्या सेलची वीज एकाच दिशेनं वाहते. खांबावरची वीज मात्र सेकंदाला ५० वेळा पुढं आणि ५० वेळा मागं जाते. हाच ए.सी. किंवा प्रत्यावर्ती प्रवाह. मागंपुढं होणारी वीज काम कसं करते, असं कुणी विचारील. दोघं मिळून ओढतात ती करवत आठवा. ती जागच्या जागी मागंपुढं होते, पण लाकूड कापलं जातंच.

ए.सी.चा मोठा गुण असा, की तिचा दाब, म्हणजे व्होल्टेज, ट्रान्सफॉर्मरनं वाढवता किंवा उतरवता येतो. दाब जास्त असला की तेवढ्याच कामाला प्रवाह कमी लागतो आणि तार कमी तापते. म्हणून तर मुळशीच्या पाण्यावर भिरा इथं १९२७ पासून तयार होणारी वीज घाट ओलांडून लांब नेता येते. तुमच्या डी.पी.वरचा ट्रान्सफॉर्मर ११,००० व्होल्टचा दाब सुमारे ४१५ वर उतरवतो.

मोटरीत काय होतं?

दाब आणि प्रवाह ही एका जुवाची बैलजोडी समजा. शेगडीत दोघं बरोबर चालतात. मोटरीला मात्र फिरण्यासाठी आधी चुंबकत्व लागतं. त्यासाठी येणारा प्रवाह दाबाच्या मागं रेंगाळतो. हा जादा प्रवाह पाणी उपसत नाही, नुसता ये-जा करतो. पण तार तापवतो. जोडी किती जुळून चालते ते सांगणारा आकडा म्हणजे पॉवर फॅक्टर. पूर्ण जुळली तर तो १.

५ अश्वशक्तीची मोटर सुमारे साडेचार किलोवॅट वीज घेते असं धरू. पॉवर फॅक्टर ०.८ असेल तर ४१५ व्होल्टला तिला ७.८ अँपिअर प्रवाह लागतो. दाब ३५० वर उतरला, तर तेवढ्याच कामासाठी ती ९.३ अँपिअर ओढते. उष्णता प्रवाहाच्या वर्गानं वाढते. म्हणजे वायंडिंग सुमारे ४० टक्के जास्त तापतं. जळका वास येतो तो इथून.

कपॅसिटर काय करतो?

कपॅसिटरमधला प्रवाह दाबाच्या पुढं चालतो. मोटरीला लागणारा रेंगाळणारा प्रवाह तो जागेवरच पुरवतो, त्यामुळं तो डी.पी.पासून आणावा लागत नाही. वरच्या मोटरीला २ के.व्ही.ए.आर.चा कपॅसिटर लावला, की पॉवर फॅक्टर ०.९५ च्या आसपास येतो आणि लाइनचा प्रवाह ७.८ वरून ६.६ वर उतरतो. ६३ के.व्ही.ए.चा ट्रान्सफॉर्मर अशा ११ मोटरी ओढत असेल, तर सगळ्यांनी कपॅसिटर लावल्यावर १३ ओढील.

एकट्यानं कपॅसिटर लावून दाब फारसा सुधारत नाही. आणि एकेकानं काढला, तर त्याचा भार लाइनच्या शेवटच्या विहिरीवर पडतो. डी.पी.जवळच्याचं पाणी चालू राहतं, शेवटच्याची मोटर जळते. म्हणून हे काम सगळ्यांनी मिळून करायचं आहे.

लक्षात ठेवा

१. ५ अश्वशक्तीला साधारण २ के.व्ही.ए.आर. पुरतो. पुण्याला तपकीर गल्लीत सामान घ्यायला गेलात, तर आय.एस.आय. चिन्ह पाहूनच घ्या. गरजेपेक्षा मोठा बसवू नका.

२. कपॅसिटर मोटर-स्टार्टरजवळच, मोटरीबरोबर चालू-बंद होईल असा जोडावा. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

३. जोडणीनंतर ओव्हरलोड रिले नव्यानं लावून घ्या. नाहीतर मोटर तापली तरी तो पडणार नाही.

४. वीज बंद केली तरी कपॅसिटरमध्ये भार उरतो. लगेच हात लावू नका.

५. फुगलेला किंवा गळका कपॅसिटर ताबडतोब बदला.

६. दाब फारच कमी असेल, तर मोटर चालवण्याचा हट्ट धरू नका. एक पाळी उशिरा झाली तर चालेल, मोटर जळली तर चार पाळ्या जातील.

आज विहिरीवर गेलात की स्टार्टरची पेटी पाहा. कपॅसिटर आहे का, आणि तारा जोडलेल्या आहेत का? मग शेजारच्या विहिरीवरही विचारा.